सोफ्याविना सोयरीक

तुम्ही हसाल, पण माझ्या मुलीचं लग्न एका पिक्चरमुळे जमलं. नव्वद सालानंतरची गोष्ट. नाशिकला टॉकीजमध्ये तो पिक्चर मी चार वेळा पाहिला. त्यातला म्हातारा दोन कपड्यांवर आणि एका ताटावर सुखानं जगतो. मला ते पटलं. घरातला सोफा, पलंग, सगळं मेव्हण्याला देऊन टाकलं.

त्यानंतरच्याच रविवारी पिंपळगावचे पाहुणे मुलगी बघायला आले. त्यांना सतरंजीवर बसवलं. बायको स्वयंपाकघरातून पुटपुटली, "गेलं हे स्थळ. भिकारी समजतील आपल्याला."

मुलाच्या वडिलांनी घरभर नजर फिरवली. "सामान कुठंय हो तुमचं?"

मी का लाजू? "दिलं. एक पिक्चर पाहिला, तेव्हापासून लागत नाही."

"त्या एका ताटवाल्या म्हाताऱ्याचा?" ते एकदम खुलले. "अहो, मीपण कपाट, पलंग, सगळं काढून टाकलं! ही महिनाभर माझ्याशी बोलत नाही."

शेजारी मुलाच्या आईनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली आणि तिला म्हणाली, "ताई, बिनघोर होकार द्या. असल्या माणसाबरोबर कसं राहायचं, ते आमची पोर घरीच शिकलीय."