तिले सांग, त्याईले सांग

—उद्या? उद्या कशाचं, आजच होते तुया बायकोचं, मनकर्णेचं आप्रेशन! उद्याचं कोनं सांगतलं, सिस्टरनं? तिले काय मालूम! पोटातली गाठ हाय, साहेब हात धुऊन राह्यले आतमंधी. तू बस बाकावर, सहदेव. डोनगावचे तुमी लोकं, लय घाबरता बाप्पा. काई लागलं त ह्या कडूबा शिपायाले इचार — हा दवाखाना ना डाक्टर चालवते, ना सिस्टर, मी चालवतो! हासू नको बे. थे दोघं एकमेकाशी बोलतच नाहीत. काऊन म्हंजे? चहा! जनकाबाई सिस्टर नवीन आली, हौसेनं चहा केला, आन् साहेबानं कप तसाच सरकवला. बौद्धाची पोरगी ना! तिच्या हातची सुई चालते, तिनं उकळलेली कैची चालते — चहा तेवढा नाही चालत! थेही खमकी. म्हने, चहा नाही त बोलनंही नको. झालं! तवापासून एकाच खोलीत — ‘कडूबा, तिले सांग, पट्टी सोड.’ ‘कडूबा, त्याईले सांग, सोडली.’ मधात मी, इकडं मान, तिकडं मान! मी? मी पेलो काय थो चहा? — हे नको इचारू. मले गावात राहाचं हाय, पोरीचं लगन कराचं हाय. मी आपला हाटेलात जातो. आताही तिथूनच येऊन राह्यलो. साहेब म्हनले होते, ‘तिले सांग, मनकर्णेचं आजच करू, पान्याचा थेंब देऊ नको. भुलीत उलटी झाली त छातीत जाते, बाई हातची जाईन.’ म्हनलं, चहा घेतो, मंग सांगतो. आन् इथं तू भेटला—

थो तांब्या रिकामा काऊन हाय बे?

पाजलं? आताच? सिस्टरच म्हनली पाज? — म्हननारच ना, तिले सांगनारा त मी... हळू बोल, हळू! घोट-दोन घोटानं काई होत नाही. — अख्खा तांब्या? — थांब, इचार करू दे. सिस्टरले सांगतलं त थे काई साहेबाशी बोलाची नाही. साहेबाले सांगतलं त माही नोकरी — अबे, उठला काऊन? तिकडं कुठं? साहेबाच्या खोलीत असं सरळ घुसत नसतेत! सहदेव! जे बोलाचं थे माह्याजवळ बोल, मी सांगतो ना त्याईले! अबे, इथं तशी रीत नाही—