बारा-शून्यचा कौल

विचारलंत म्हणून सांगतो ताई, आम्ही रत्नागिरीकडचे. मी चिऱ्याच्या खाणीत दगड काढला, शाळा म्हणाल तर चौथी, तीही पुरी नाय, आणि इंदू, माझी बायको, तिला सहीपुरतं यायचं, आणि असली माणसं इथे अमेरिकेत, नोव्हायला कशी, तर मुलगा सुहास इथे मोटारीच्या कंपनीत इंजिनीअर, सुनेचं बाळंतपण होतं म्हणून आलो. बाळंतपण झालं आणि इंदूच्या पोटात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टर म्हणाला आता विमानात बसवायचं नाय. ती म्हणायची मला गावाला न्या, वाटेत मेले तरी चालेल, काय सांगू ताई तुम्हाला, रोज तेच, न्या न्या.

बेसबॉलचं वेड तिला ह्याच घरात लागलं. भाषा कळत नव्हती, पण टीव्हीवर दिसायचं ना. गडी चेंडू मारतो आणि पळतो, तीन कोपऱ्यांना तीन पांढऱ्या गाद्या, त्या शिवत शिवत जिथून निघाला तिथे परत आला की एक धाव. इंदू म्हणायची, अहो, ही तर प्रदक्षिणा. गडी परत आला की हात जोडायची, झाली बाई पुरी. सून पल्लवी नागपूरची, ती हसायची, आई, त्याच्या हातावरचे टॅटू तर बघा, कसला भक्त हा.

हॉस्पिटलातही टीव्ही होता. एका दुपारी इथल्याच टीमची मॅच लागली आणि इंदू मला म्हणाली, कौल लावा. आमच्याकडे देवाला कौल लावतात, मूर्तीला फुलाची कळी चिकटवायची आणि विचारायचं, उजवी पडली तर काम होणार, डावी पडली तर नाय. मी म्हटलं इथे मूर्ती कुठाय? म्हणाली ही काय समोर, आपल्या गड्यांची एक जरी प्रदक्षिणा पुरी झाली तर मी गाव बघणार, घाला गाऱ्हाणं. मी म्हटलं वेडी आहेस, पण टोपी घातली, टीव्हीपुढे उभा राहिलो, गावच्या देवाला हाक मारली, बा महाराजा, तुझी लेकरं लांब पडली, हिला घरी ने, आणि सुहास, एवढा इंजिनीअर, मान खाली घालून म्हणाला, होय महाराजा.

मग काय. समोरच्यांच्या धावाच धावा, एक फिरून येतोय तोवर दुसरा निघालेला, आणि आपले, मारला की झेल, मारला की झेल, नायतर बॅटला लागेचना. चार-शून्य, नऊ-शून्य. सुहास म्हणाला बाबा, बंद करतो. इंदू ओरडली, हात लावशील तर बघ. पल्लवी म्हणाली आई, हा कॅन्सल करू, उद्या परत मॅच आहे, उद्या नवीन लावू. इंदू म्हणाली, कौल कॅन्सल होतो काय गं, ते काय तुमचं विमानाचं तिकीट?

अगदी शेवटी, बारा-शून्य झालेलं, आपला एक गडी तिसऱ्या गादीवर पोचला. इंदू उठून बसली, किती दिवसांत बसली नव्हती, ये रे बाबा, ये रे, आणि मी पण, ये रे, ये रे. मारणाऱ्याने बॅट फिरवली, हवेत, परत हवेत, परत हवेत, तीनदा हुकला की बाद. संपलं. तिसऱ्या गादीवरचा हेल्मेट काढून तिथूनच बाजूला निघून गेला. नर्स आली, कोण जिंकलं विचारलं, सुहासने टीव्ही बंद केला.

इंदू म्हणाली, अहो, तिसऱ्या गादीपर्यंत आला होता. मी म्हटलं लोकांचा खेळ आहे गं तो, देवाला काय पडलंय त्याचं. म्हणाली, मग गाऱ्हाणं कशाला घातलंत? मी टोपी काढून खिशात घातली. त्यानंतर तिने गावाचं नाव काढलं नाय. तेच मला सोसेना ताई, न्या न्या म्हणायची ते बरं होतं. पंधरवड्यात गेली. इथेच जाळली, बटण दाबून.

गावचं घर बंद, मी पण आता इथलाच. सुहासला वाटतं मला खेळ आवडतो, येतो, टीव्ही लावून जातो. आता ह्यांच्या धावा होतात, भरपूर होतात. एखादा फिरून आला, लोक उभे राहून ओरडायला लागले की मी उठून आत जातो. काय करायचंय आता. तुम्ही निघा ताई, एकट्या गाडी चालवत आलात, उजेड आहे तोवर जा. पोचलात की फोन करा. नीट पोचा घरी, एवढंच.