मुंबईचं तिकीट कोणी काढलं जी?

बायांनो, देवळीच्या सभेची गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली! आमचे हे आमदारसाहेबांचे लेखनिक. साहेब आणि हे दोघं नुकतेच मुंबईला जाऊन आले होते, तेही फर्स्ट क्लासनं. सभेत मी बाळाला मांडीवर घेऊन बायकांत बसलेली. साहेबांचं भाषण चालू असतानाच एक म्हातारी उठली.

"साहेब, मुंबईचं तिकीट कोणी काढलं जी?"

साहेब पाणी प्यायला लागले. आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, आणि नोकरी गेली तर बाळाला घेऊन जायचं कुठं? मी लांबूनच हातानं नको नको करतेय, तर हे उभेच राहिले!

"कापसाच्या जिनवाल्या शेठनं काढलं. साहेबांचं बी अन् माह्यं बी."

साहेबांनी गिलास खाली ठेवला. "खरं हाये," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण म्हातारी बसेचना. "अन् आज कोणाच्या मोटारीनं आले जी?"

मोटारही शेठचीच! मग काय, परत आलो ते बसनं. साहेब दाटीत उभे राहून कंडक्टरला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, "माह्यं तिकीट मीच काढून राह्यलो! अन् या खरं बोलणाऱ्याचं बी!"