बुधवारचा पेशंट

मानसशास्त्रात एम.ए. करून करुणाने समुपदेशनाची खोली थाटली, त्याला चार महिने झाले होते. तिचा एकमेव पेशंट अयूब आज आलाच नाही. तासभर थांबून ती एसटी स्टँडवर आली आणि देवरूखच्या गाडीसाठी बसून राहिली. बाबांनी गावच्या शाळेत कारकुनाची जागा बघून ठेवली होती. तिने हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"काय गो शमीम, भाऊ कसा आहे? बोट बुडाल्यापासून घराबाहेर पडत नव्हता ना?"

"अयूब? आज पहाटेच दर्यावर गेला."

"काय सांगतेस? कोणाचं औषध लागू पडलं?"

"औषध कसलं गो. एक पोरगी आहे, ती नुसती ऐकते. मी म्हटलं, ऐकायला आम्ही काय बहिरी होतो?"

"मग?"

"आम्ही घरात बोटीचं नाव काढत नव्हतो. तिने विचारलं, बोटीवर जेवण कोण रांधायचं? हाच रांधायचा. त्या दिवशी घरी आला आणि स्वतः कालवण केलंन."

"बरं झालं गो."

"बरं कसलं, आज तिच्याकडे जायचा दिवस होता. हा न कळवता गेला. पुढच्या बुधवारी मीच घेऊन जाते त्याला. रागावली तरी ऐकून तर घेईल."

देवरूखची गाडी लागली. करुणाने बसल्या जागेवरून फोन लावला.

"बाबा, त्या जागेला नाही कळवा."

"अगं, उद्यापर्यंत हो कळवायचंय. झालं काय?"

"बुधवारी माझा पेशंट आहे."