झोका थांबेपर्यंत

कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून विजयश्री निगडीच्या बसथांब्यावर पेंगत बसली होती. थंडीतलं ऊन हळूहळू अंगात मुरत होतं. मागच्या बाकावर एक आजी आणि तिची नात बोलत होत्या.

“आजी, प्लास्टर निघालं ना? आता बागेत जाऊ?”

“आधी हात मोडला कशानं, ते सांग.”

“चालत्या झोक्यावरून उडी मारली.”

“व्हय. मग आज हितंच झोका खेळू. डोळं मीट. बसलीस?”

“बसले.”

“हात कुठं हायेत?”

“साखळीवर. घट्ट.”

“मग घे झोका.”

विजयश्रीचेही डोळे मिटलेलेच होते.

“आजी, खूप उंच गेला गं! झाडं खाली दिसतायत.”

“हात सोडू नगंस. म्होरं कोन हाय?”

“एक छोटं बाळ मध्ये येतंय. मी ओरडले, बाजूला हो! त्याच्या आईनं उचललं त्याला.”

“शाबास माझी बाय. आन् आपन चालत्या झोक्याम्होरनं जायाचं का?”

“नाही. लांबून, मागून जायचं.”

बस घरघरत येऊन उभी राहिली.

“पिंके, ऊठ. आपली गाडी आली.”

“थांब ना आजी. अजून हलतोय.”

“आगं, गाडी जाईल!”

“थांबल्याशिवाय कशी उतरू?”



“बरं. जाऊ दे गाडी. मागनं दुसरी यील.”

बस गेली. विजयश्रीचीही तीच बस होती. मांडीवरच्या पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरून ती तशीच बसून राहिली.

“थांबला, आजी.”

“मग उतर सावकाश. चल, बाग हितनं जवळच हाय.”