आजोबा काय म्हणतात

ऑकलंडच्या मँगेरे भागातल्या समुपदेशन केंद्रात सिलियाचा मुलगा आत गेला होता आणि ती बाहेर बसली होती. मागच्या बाकावर एक सामोअन आजी आणि तिची शाळकरी नात पेनिना बोलत होत्या.

"आत गेल्यावर आजोबांचा विषय काढायचा नाही, पेनिना."

"का गं?"

"मागच्या डॉक्टरकडे काढलास, तर त्याने गोळ्या दिल्या. दिवसभर नुसती पेंगत असायचीस."

"या बाई तशा नाहीत. मी म्हटलं, गेलेले आजोबा माझ्याशी बोलतात. तर त्यांनी विचारलं, काय बोलतात?"

"गोरी आहे का ती?"

"नाही गं, आपल्यातल्याच आहेत. विचारत होत्या, ऐकून भीती वाटते की बरं वाटतं?"

"मग?"

"म्हटलं, आधी बरं वाटायचं. आता ते सारखे रडतात. म्हणतात, घरात कुणी माझं नावसुद्धा घेत नाही. त्या रडण्याने मला झोपच लागत नाही, आजी."

आजी कानामागचं फूल चाचपू लागली.

"म्हणून बाई म्हणाल्या, आजीला घेऊन ये."

"मला कशाला? मी काय वेडी आहे?"

"मी आहे?"

"तसं नाही गं बाळा. पण जन्मभर संसार मी केला, आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नाही मेला!"

"आजी!"

दोघी हसत सुटल्या. आजीला हसू आवरेना, मग रडू आवरेना.

सिलियाचा मुलगा बाहेर आला, तरी ती उठली नाही. आतून पेनिनाला हाक आली. आजीने डोळे पुसले, कानामागचं फूल सारखं केलं आणि नातीच्या आधी उभी राहिली.

"चल. माझ्यावर का रुसलाय, ते मीच विचारते."