पोलंडहून आलेलं कार्ड

तनुजा : अण्णा, फोन स्पीकरवर ठेवा अन् आधी खाली बसा. माझ्या मोबाइलवर तर पार्सल सोमवारीच पोचलं असं दाखवतंय.

काकासाहेब : मोबाइल काय, ताजमहालही दाखवील. माझ्या हातात आलं का? तुझ्या जन्माआधीचा कॉम्प्युटर, टीव्हीला जोडून चालणारा. त्याच्या कॅसेटी सगळ्या बुरसटल्या. या कार्डानं तो कॅसेटशिवाय चालणार म्हणून पाडव्यापासून वाट बघतोय मी. पोलंडच्या त्या भल्या माणसानं घरी बसून कार्ड जोडलं, ते समुद्र ओलांडून चिकलठाण्याच्या विमानतळावर आलं, अन् तिथून सिडकोत येईना? आत्ताच कुरियरवाल्याशी भांडून आलो.

तनुजा : काय म्हणाला तो?

काकासाहेब : घरी दिलं म्हणतो, सही घेतली म्हणतो. साफ खोटं. मी पोलंडलाही तक्रार धाडली.

तनुजा : अण्णा, खाली सही दिसतेय. आईची आहे.

काकासाहेब : अगं, इकडं ये जरा.

द्वारकाबाई : हात पिठात हायेत. तिथनंच बोला.

काकासाहेब : पार्सल तू घेतलंस?

द्वारकाबाई : व्हय. देवघरात हाय, फडक्याखाली.

काकासाहेब : सोमवारपासून? अन् मी रोज फाटकात उभा राहतो, ते दिसत नव्हतं तुला?

द्वारकाबाई : दिसत होतं की. तिथंच चहा आणून देत होते ना.

काकासाहेब : तनू, हिचा डाव कळला मला. दसऱ्यापर्यंत कॉम्प्युटर चालू झाला नाही तर भंगारात देतो, असा हिला शब्द देऊन बसलोय मी. म्हणजे टेबल मोकळं, अन् वर हिचं शिलाई मशीन.

द्वारकाबाई : पितरांचा पंधरवडा हाय. नवी वस्तू उघडू नये. उद्या घट बसतेत, मग उघडा.

काकासाहेब : कंपनीत जन्मभर मशीनी बसवल्या मी. कधी पंचांग बघितलं नाही.

द्वारकाबाई : मग गेल्या साली पहिलं कार्ड लावलं अन् धूर निघाला, तव्हा अमावस्येनं घात केला असं कोण म्हणलं होतं?

काकासाहेब : म्हणलो असेन.

तनुजा : मला तर म्हणालात, कार्डच सदोष निघालं.

काकासाहेब : दोन्ही होतं.

द्वारकाबाई : दोन्ही नाय. कार्ड उलटं बसवलं तुम्ही. मी दारातनं बघत होते. खाच दिसत नव्हती, बोटानं चाचपत होतात.

(आत कुकरची शिट्टी होते.)

काकासाहेब : तेव्हाच का बोलली नाहीस?

द्वारकाबाई : काय बोलू? दोन दिवस जेवला नाहीत तुम्ही. मशीनी जोडण्यात हयात गेलेल्या माणसाला, तुम्हाला दिसंना गेलंय, असं कोणत्या तोंडानं सांगू? अमावस्या मला बी बरी पडली.

तनुजा : पण आई, आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना?

द्वारकाबाई : झालंय, पण नवा चष्मा उद्या मिळणार हाय. परवा माझा भाऊ फाटकात आला, तर कुरियरवाला समजून त्यालाच झापलं ह्यांनी.

काकासाहेब : तो मेव्हणा होता? तरीच म्हणलं, पार्सल मागितल्यावर हसतोय कशाला.

द्वारकाबाई : लई हसला बिचारा. जेवून गेला.

काकासाहेब : तनू, खरं सांगू? तो डबा चालू झाला, पडद्यावर अक्षरं उमटली की वाटतं, अजून आपल्याला काहीतरी येतं. या खेपेला पण कार्ड जळालं असतं, तर दसऱ्याची वाट कोण बघतो? मीच डबा उचलून भंगारात दिला असता.

द्वारकाबाई : म्हणून तर ठेवलं फडक्याखाली.

काकासाहेब : अन् टेबल?

द्वारकाबाई : टेबल घेऊन काय करू? माझं मशीन चालू हाय.

तनुजा : अण्णा, आधी पोलंडला माफी लिहा. अन् कुरियरवाल्याला पेढे न्या.

काकासाहेब : नेतो. पण अगं, चष्मा लावून पण खाच नाही दिसली तर?

द्वारकाबाई : तर मी शेजारी बसते. मला दिसती.